बहुनिवडीच्या फॉर्मची डेटाबेसमधील साठवण : पीकनोंदीच्या उदाहरणाने पीएचपी अ‍ॅरेचा विचार

एका प्रश्नाला एकच उत्तर असेल तर त्याची साठवण करणे सोपे असते. खातेदाराचे नाव, गट क्रमांक, हंगाम यांपैकी प्रत्येकासाठी कोष्टकात एक रकाना ठेवला म्हणजे काम भागते. परंतु एकाच प्रश्नाला एकाहून अधिक उत्तरे संभवतात आणि त्यांची संख्याही आगाऊ ठाऊक नसते, तेव्हा साठवणीचा प्रश्न वेगळे रूप घेतो. फॉर्मवरील चेकबॉक्स, म्हणजे खूण करावयाच्या चौकटी, हे अशा प्रश्नाचे नित्याचे उदाहरण होय. वापरणाऱ्याने केलेल्या खुणा पीएचपी ही भाषा अ‍ॅरेच्या रूपाने हाती देते, आणि डेटाबेस मात्र ओळी व रकाने यांच्याच भाषेत बोलतो. या दोहोंमधील अंतर कसे ओलांडावे, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

विवेचनासाठी लातूर जिल्ह्यातील चाकूर तालुक्यातल्या एखाद्या शेताची पीकनोंद घेणे सोयीचे होईल. या भागात खरिपात सोयाबीन व तूर ही दोन्ही पिके एकाच शेतात घेण्याची पद्धत रूढ आहे. सोयाबीनच्या चार ओळींनंतर तुरीच्या दोन ओळी, अशी आंतरपिकाची शिफारसही सर्वपरिचित आहे. अशा शेतात ‘कोणते पीक घेतले?’ या प्रश्नाला एकच एक उत्तर देता येत नाही. महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी सुरू झाली व खातेदाराने स्वतःच्या पिकाची नोंद स्वतः मोबाइलवरून करावी अशी व्यवस्था आली. तेव्हापासून हा प्रश्न प्रत्यक्ष शेतकऱ्याच्या बोटाखाली येऊन पोहोचला आहे. येथे पुढे मांडलेली रचना केवळ अध्ययनासाठी कल्पिलेली आहे. शासकीय प्रणालीच्या अंतर्गत रचनेचे ते वर्णन नव्हे.

या नोंदीला महत्त्व आहे ते तिच्यावर पुढे अवलंबून असणाऱ्या गोष्टींमुळे. हमीभावाच्या खरेदी केंद्रावर तूर घालावयाची तर सात-बाऱ्यावर तुरीची नोंद असावी लागते. शेतकऱ्याने दोन चौकटींवर खूण केली आणि साठवताना त्यांतील एकच टिकली, तर संगणकाच्या दृष्टीने काहीही बिघडलेले नसते. परंतु जानेवारीत गाडी भरून केंद्रावर गेलेल्या माणसाच्या शेतात कागदोपत्री तूर नसते. साठवणीतील दोष पुष्कळदा असाच निःशब्द असतो.

कागदावरील पूर्वपीठिका

प्रश्न संगणकाने निर्माण केलेला नाही. गाव नमुना बारा, म्हणजे पिकांची नोंदवही, हा कागद पाहिला असता जुन्या महसूल व्यवस्थेने तो कसा सोडविला होता हे ध्यानात येते. या नमुन्यात मिश्र पिकाखालील क्षेत्र व निर्भेळ पिकाखालील क्षेत्र असे दोन स्वतंत्र विभाग आहेत. मिश्र पिकाच्या विभागात प्रथम मिश्रणाचा संकेत क्रमांक व त्याखालील एकूण क्षेत्र येते, आणि त्यानंतर ‘घटक पिके व प्रत्येकाखालील क्षेत्र’ यांसाठी जागा ठेवलेली असते. घटक पिके जितकी, तितक्या ओळी. प्रत्येक ओळीत पिकाचे नाव, जलसिंचित क्षेत्र व अजलसिंचित क्षेत्र हे स्वतंत्रपणे मांडले जाते.

या मांडणीत एक शिस्त आहे. तलाठ्याने एकाच चौकोनात ‘सोयाबीन, तूर’ असे लिहून खाली दोन आकडे घातले असते, तर कोणता आकडा कोणाचा हे पुढच्या वाचणाऱ्याने अनुमानाने ठरवावे लागले असते. प्रत्येक घटकाला स्वतंत्र ओळ दिल्याने पीक व क्षेत्र यांची जोडी फुटत नाही आणि गावची बेरीज करताना फक्त तुरीच्या ओळी निवडता येतात. पुढील विवेचनात दिसून येईल की, डेटाबेसच्या शास्त्राने ज्या निष्कर्षाचा पुरस्कार केला तो याहून तत्त्वतः निराळा नाही.

ते शास्त्र ई. एफ. कॉड यांच्या १९७० सालच्या लेखापासून सुरू होते असे मानतात. आयबीएम कंपनीच्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेत काम करणाऱ्या कॉड यांनी त्या लेखात कर्मचाऱ्यांच्या नोंदीचे उदाहरण घेतले होते. एका कर्मचाऱ्याची अपत्ये अनेक असू शकतात आणि पूर्वीच्या नोकऱ्याही अनेक असू शकतात. अशा पुनरावृत्त होणाऱ्या माहितीला मूळ नोंदीच्या पोटात न ठेवता स्वतंत्र कोष्टकात काढावे आणि मूळ नोंदीची ओळख-खूण तिच्याबरोबर न्यावी, असे त्यांनी प्रतिपादन केले. प्रथम सामान्य रूप या नावाने पुढे प्रसिद्ध झालेला नियम याच विचारातून आला : एका ओळीच्या एका रकान्यात एकच मूल्य असावे.

फॉर्मकडून अ‍ॅरेकडे

पीएचपी या भाषेचा जन्मच फॉर्म हाताळण्याच्या गरजेतून झाला. रास्मुस लेरडोर्फ यांनी १९९५ मध्ये ती प्रसिद्ध केली, आणि तिच्या आरंभीच्या एका आवृत्तीच्या नावातच ‘फॉर्म इंटरप्रिटर’ हे शब्द होते. त्यामुळे फॉर्ममधील अनेक मूल्ये स्वीकारण्याची सोय तीत सहज आढळते. नियम असा : एकाच नावाच्या अनेक चौकटी असून नाव नुसतेच ‘पीक’ असे असेल, तर येणाऱ्या मूल्यांपैकी शेवटचे तेवढे टिकते व आधीची पुसली जातात. नावापुढे रिकामा चौकोनी कंस जोडून ‘पीक[]’ असे नाव दिले, तर सर्व मूल्यांचा अ‍ॅरे तयार होतो. पूर्वी उल्लेखिलेला निःशब्द दोष कित्येकदा एवढ्या एका कंसाच्या अभावी उद्भवतो. शेतकऱ्याने सोयाबीन व तूर या दोहोंवर खूण केलेली असते. सर्व्हरवर मात्र फक्त तूर पोहोचते, किंवा यादीतील क्रम उलटा असेल तर फक्त सोयाबीन.

दुसरी गोष्ट अधिक सूक्ष्म आहे. खूण न केलेली चौकट ब्राउझरकडून पाठविलीच जात नाही. ती ‘नाही’ असे सांगत नाही. ती मौन पाळते. त्यामुळे एकाही चौकटीवर खूण नसेल तर ‘पीक’ नावाचा अ‍ॅरे रिकामा येत नाही, मुळात येतच नाही. ‘शेतात या हंगामात पीक नाही’ आणि ‘हा प्रश्न विचारलाच गेला नाही’ या दोन अवस्था सर्व्हरच्या दृष्टीने एकरूप होतात. महसुली व्यवहारात या दोहोंत मोठे अंतर आहे. पेरणी न झालेल्या जमिनीची नोंद ‘चालू पड’ अशी होते, आणि नोंद न होणे ही वेगळीच गोष्ट आहे. यावर उपाय म्हणजे ‘चालू पड’ हा पर्याय यादीत स्वतंत्रपणे देणे व एकही खूण नसलेला फॉर्म अपूर्ण समजून परत करणे. मौनाचा अर्थ लावण्यापेक्षा स्पष्ट उत्तर मागणे केव्हाही श्रेयस्कर.

समांतर अ‍ॅरेचा धोका

पिकाबरोबर त्याखालील क्षेत्रही विचारावयाचे असते. येथे नवख्या रचनाकाराला सहज सुचणारा मार्ग म्हणजे ‘पीक[]’ व ‘क्षेत्र[]’ असे दोन अ‍ॅरे घेऊन त्यांतील समान क्रमांकाचे घटक एकमेकांशी जोडणे. हा मार्ग चुकीचा आहे, आणि त्याचे कारण मागील परिच्छेदातच दडलेले आहे.

समजा, फॉर्मवर पाच पिके या क्रमाने व पुढील संकेतांनी दिली आहेत : मूग १, उडीद २, सोयाबीन ३, तूर ४, ज्वारी ५. गटाचे क्षेत्र १ हेक्टर ५० आर, म्हणजे १५० आर आहे. शेतकऱ्याने सोयाबीन व तूर यांवर खूण करून त्यांपुढील चौकोनांत अनुक्रमे १०० व ५० आर लिहिले. चेकबॉक्सपैकी फक्त दोनच पाठविले जातात. लिहावयाचे चौकोन मात्र रिकामे असले तरी पाचही पाठविले जातात. परिणामी सर्व्हरवर पुढील चित्र दिसते :

पीक : स्थान ० वर ३, स्थान १ वर ४.
क्षेत्र : स्थान ० व १ रिकामी, स्थान २ वर १००, स्थान ३ वर ५०, स्थान ४ रिकामे.

समान स्थाने जोडली असता सोयाबीनला रिकामे क्षेत्र मिळते व तुरीलाही रिकामेच मिळते. एवढ्यावर चूक निदान लक्षात तरी येईल. परंतु शेतकऱ्याने प्रथम मुगापुढे २० लिहून नंतर मुगाची खूण काढून टाकली आणि आकडा तसाच राहिला असेल, तर सोयाबीनच्या नावावर २० आर चढतात. हा आकडा सर्वस्वी संभाव्य दिसतो आणि कोणत्याही तपासणीत अडकत नाही.

उपाय असा की, अ‍ॅरेचे स्थान ब्राउझरच्या स्वाधीन न करता रचनाकाराने स्वतः ठरवावे. क्षेत्राच्या चौकोनाला ‘क्षेत्र[३]’, ‘क्षेत्र[४]’ याप्रमाणे पिकाच्या संकेताचीच किल्ली द्यावी. मग निवडलेल्या प्रत्येक पिकासाठी त्याच किल्लीचे क्षेत्र वाचावे; निवड नसलेल्या पिकापुढे उरलेला आकडा आपोआप दुर्लक्षिला जातो. पीएचपीतील अ‍ॅरे हा केवळ क्रमाने लावलेल्या घरांचा समूह नसून किल्ली व मूल्य यांच्या जोड्यांचा क्रमबद्ध संच असतो, म्हणून ही सोय शक्य होते. मात्र एक सावधगिरी हवी. ‘३’ ही अक्षररूप किल्ली इंग्रजी अंकात असेल तर पीएचपी तिचे पूर्णांकात रूपांतर करते. तीच आरंभी शून्य लावून दोन अंकी लिहिली तर अक्षररूपच राहते. संकेतांना कोठे शून्य लावावे व कोठे लावू नये याविषयी फॉर्म व डेटाबेस यांत एकवाक्यता नसेल, तर किल्ली जुळत नाही.

आकड्यांच्या बाबतीत मराठी वापरणाऱ्यांपुढे आणखी एक अडचण येते. साध्या मजकुराच्या चौकोनात शेतकऱ्याने देवनागरी अंकांत ‘५०’ लिहिले आणि कार्यक्रमाने त्याचे सरळ पूर्णांकात रूपांतर केले, तर पीएचपी त्याचे मूल्य शून्य धरते. देवनागरी अंक प्रथम इंग्रजी अंकांत बदलून घेणे, ही मराठी फॉर्मसाठी चैन नसून आवश्यकता आहे. क्षेत्र दशांश हेक्टरऐवजी पूर्णांकी आरमध्ये साठविले, तर बेरजेतील दशांशाच्या कुरबुरीही टळतात.

साठवणीचे चार मार्ग

अ‍ॅरे हाती आल्यावर तो डेटाबेसमध्ये ठेवण्याचे चार मार्ग व्यवहारात आढळतात.

पहिला मार्ग स्वल्पविरामाने जोडलेल्या ओळीचा. ‘३,४’ असा मजकूर एकाच रकान्यात ठेवणे अतिशय सोपे. परंतु पुढे प्रश्न विचारताना त्याची किंमत द्यावी लागते. ज्या नोंदींत ‘४’ हे अक्षर आहे त्या शोधल्या तर १४ व ४० या संकेतांची पिकेही हाती येतात. मायएसक्यूएलमध्ये अशा यादीत नेमके मूल्य शोधण्याची सोय आहे. परंतु तिला निर्देशांकाचा उपयोग होत नसल्यामुळे प्रत्येक ओळ वाचावी लागते. शिवाय क्षेत्र कोठे ठेवावे हा प्रश्न अनुत्तरितच राहतो.

दुसरा मार्ग पीएचपीच्या सीरियलाइझ या क्रियेचा. तीत अ‍ॅरेची संपूर्ण रचना मजकूररूपाने गोठविली जाते व प्रत्येक शब्दाची लांबी बाइटमध्ये लिहिली जाते. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते; म्हणून ‘तूर’ या शब्दाची लांबी, ऊकाराची मात्रा स्वतंत्र चिन्ह धरून, ९ अशी नोंदली जाते. कोणी तो मजकूर हाताने दुरुस्त केला किंवा रकान्याच्या मर्यादेमुळे त्याचे शेपूट तुटले, तर सबंध अ‍ॅरे परत उलगडता येत नाही. एका पिकाच्या चुकीपायी सर्व पिके जातात. परक्याकडून आलेला असा मजकूर उलगडणे सुरक्षेच्या दृष्टीनेही धोक्याचे असते.

तिसरा मार्ग जेसन या मांडणीचा. ती पीएचपीपुरती मर्यादित नसून इतर भाषांनाही वाचता येते, आणि मायएसक्यूएलने ५.७ या आवृत्तीपासून तिच्यासाठी स्वतंत्र प्रकारच उपलब्ध करून दिला. तथापि पीएचपी स्वभावतः देवनागरी अक्षरांचे सांकेतिक क्रमांकांत रूपांतर करून जेसन लिहिते. तसा मजकूर साध्या रकान्यात ठेवून त्यात ‘तूर’ हा शब्द शोधला, तर एकही नोंद मिळत नाही. अक्षरे जशीच्या तशी ठेवण्याची सूचना वेगळी द्यावी लागते.

चौथा मार्ग जोडकोष्टकाचा. यात तीन कोष्टके असतात : पिकांची यादी, नोंदी, आणि नोंद व पीक यांना जोडणारे कोष्टक. या शेवटच्या कोष्टकात प्रत्येक निवडीला एक ओळ मिळते :

नोंद ७१२, पीक ३, क्षेत्र १०० आर.
नोंद ७१२, पीक ४, क्षेत्र ५० आर.

नोंद व पीक या दोन रकान्यांची मिळून प्राथमिक किल्ली केली म्हणजे तेच पीक त्याच नोंदीवर दोनदा चढत नाही. पीक हा रकाना पिकांच्या यादीशी परकीय किल्लीने बांधला म्हणजे यादीत नसलेला संकेत शिरू शकत नाही. तालुक्यातील तुरीखालचे एकूण क्षेत्र ही एका बेरजेची गोष्ट होते; मात्र असा शोध वेगाने व्हावा म्हणून पीक या रकान्यावर स्वतंत्र निर्देशांक हवा, कारण संयुक्त किल्लीत नोंद प्रथम असल्याने केवळ पिकावरून शोधताना ती उपयोगी पडत नाही. सोयाबीन व तूर ही दोन्ही पिके असलेली शेते काढावयाची असल्यास या दोन संकेतांच्या ओळी निवडून नोंदवार गट करावेत व ज्या गटात दोन ओळी आहेत तेवढे ठेवावेत. गाव नमुना बारामधील घटक पिकांच्या ओळी त्या याच.

पाचव्या एका मार्गाचा उल्लेख करणे योग्य ठरेल : ‘पीक एक’, ‘पीक दोन’, ‘पीक तीन’ असे ठरावीक रकाने. येथे संख्येची मर्यादा रचनेतच कोरली जाते आणि तूर कोणत्या रकान्यात आहे हे ठाऊक नसल्याने प्रत्येक शोधात सर्व रकाने पाहावे लागतात. वापरणाऱ्यापुढे अशा मर्यादा बदलत राहतात, हे ई-पीक पाहणीच्या अनुभवावरून दिसते. आरंभी मुख्य पिकाबरोबर दोन दुय्यम पिके नोंदविता येत. २०२२ मधील सुधारित आवृत्तीत तीन दुय्यम पिकांची सोय झाली. जोडकोष्टकात असा बदल फॉर्मपुरता राहतो. ठरावीक रकान्यांच्या रचनेत मात्र कोष्टक व त्यावरील सर्व प्रश्न बदलावे लागतात.

सर्व किंवा काहीच नाही

जोडकोष्टकात लिहिताना एक नोंद व तिच्या अनेक ओळी असे अनेक व्यवहार करावे लागतात. नोंद लिहिली, सोयाबीनची ओळ लिहिली आणि तुरीच्या ओळीपूर्वी वीज गेली, तर अर्धवट सत्य शिल्लक राहते. आणि अर्धवट सत्य हे पूर्ण सत्यासारखेच दिसते. म्हणून हे सर्व लेखन एकाच व्यवहारात, म्हणजे ट्रान्झॅक्शनमध्ये, बांधावे. सर्व ओळी लिहून झाल्यावरच व्यवहार कायम करावा, मध्ये अडथळा आल्यास तो संपूर्ण मागे घ्यावा. मायएसक्यूएलमध्ये याकरिता कोष्टके इनोडीबी या प्रकारची असणे आवश्यक आहे; मायआयसॅम या जुन्या प्रकाराला ही क्षमता नाही.

ओळी लिहिण्यासाठी पूर्वसिद्ध विधान वापरावे. विधान एकदा सिद्ध करावे आणि अ‍ॅरेतील प्रत्येक घटकासाठी मूल्ये बदलून ते पुनःपुन्हा चालवावे. येणारी मूल्ये विधानाच्या मजकुरात मिसळत नसल्याने घातक मजकूर घुसविण्याचा मार्ग बंद होतो. तथापि त्यापूर्वी काही तपासण्या अपरिहार्य आहेत. आलेली वस्तू खरोखरच अ‍ॅरे आहे काय. प्रत्येक संकेत यादीत आहे काय. पुनरावृत्ती नाही ना. आणि घटक क्षेत्रांची बेरीज गटाच्या क्षेत्राहून अधिक होत नाही ना. फॉर्मवर पाचच चौकटी दाखविल्या म्हणून पाचच संकेत येतील असे मानता येत नाही. पाठविणारा फॉर्ममध्ये बदल करू शकतो.

मोठ्या फॉर्मच्या बाबतीत आणखी एक मर्यादा लक्षात ठेवावी. पीएचपी एका विनंतीत स्वभावतः १००० मूल्येच स्वीकारते. सबंध गावाचे २०० गट एकाच पानावर घेऊन प्रत्येकासाठी सहा रकाने ठेवले, तर १२०० मूल्ये होतात आणि शेवटची २०० गळून पडतात. सूचना सर्व्हरच्या नोंदवहीत लिहिली जाते. पान भरणाऱ्याला मात्र काम पुरे झाल्याचाच संदेश दिसतो. गावाची पाने पाडणे हा यावर सरळ उपाय.

दुरुस्तीचा प्रश्न

एकदा केलेली नोंद बदलावी लागते. २०२२ च्या सुधारित ई-पीक पाहणीत खातेदाराला ४८ तासांच्या आत एकदा स्वतः दुरुस्ती करण्याची मुभा देण्यात आली. साठवणीच्या दृष्टीने दुरुस्ती म्हणजे जुन्या संचाच्या जागी नवा संच आणणे. सोपी रीत म्हणजे त्या नोंदीच्या सर्व ओळी पुसून नव्याने लिहिणे. ती एका व्यवहारात केली तर बिनधोक आहे. परंतु जुन्या ओळीला पेरणीची तारीख, छायाचित्राचा संदर्भ किंवा तपासणीचा शेरा जोडलेला असेल, तर तोही पुसला जातो. तूर न बदलता केवळ मुगाची भर घातली, तरी तुरीची पूर्वीची पडताळणी नष्ट होते.

अशा ठिकाणी संचांची वजाबाकी उपयोगी पडते. नव्या अ‍ॅरेतून जुना वजा केला असता जी पिके उरतात ती वाढवावयाची. जुन्यातून नवा वजा केला असता जी उरतात ती काढावयाची. आणि दोहोंत समान असलेल्यांचे केवळ क्षेत्र तपासून गरज पडल्यास बदलावयाचे. पीएचपीत ही वजाबाकी करणारी क्रिया तयार आहे. अशा प्रकारे जे बदलले नाही त्याला हात लागत नाही.

उपसंहार

सर्व ठिकाणी जोडकोष्टकच हवे असे नव्हे. एखाद्या वापरणाऱ्याने पडद्याची रंगसंगती व अक्षरांचा आकार निवडला आणि ती निवड त्याच्यापुरतीच परत वाचावयाची असेल, तर जेसनचा एक रकाना पुरेसा आहे. कसोटी एकच : निवडीच्या एका घटकाविषयी स्वतंत्रपणे प्रश्न विचारला जाणार आहे काय, आणि त्या घटकाला स्वतःची काही माहिती जोडलेली आहे काय. उत्तर होकारार्थी असेल तर त्या घटकाला स्वतःची ओळ मिळाली पाहिजे.

पीकनोंदीत दोन्ही प्रश्नांचे उत्तर होकारार्थी आहे. तुरीविषयी खरेदी केंद्र स्वतंत्रपणे विचारते, विमा स्वतंत्रपणे विचारतो, आणि सोयाबीन ऑक्टोबरात निघून गेल्यावरही तूर शेतात उभीच असते. अ‍ॅरे हे या माहितीच्या प्रवासातील एक थोड्या वेळाचे वाहन आहे. ते जसेच्या तसे डेटाबेसमध्ये उभे करून ठेवणे म्हणजे धान्य गाडीतच साठविण्यासारखे होय. गाडी रिकामी करून प्रत्येक धान्य आपापल्या कणगीत घालणे, हेच साठवणीचे खरे काम आहे.